बोटाखालची पोकळी

गिटारच्या मानेवर एक सपाट लाकडी पट्टी असते आणि तिच्यावर ठरावीक अंतरांवर धातूच्या बारीक आडव्या काड्या ठोकलेल्या असतात. ती पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड आणि त्या काड्या म्हणजे फ्रेट्स. दोन फ्रेट्सच्या मध्ये तार दाबली की बोट लाकडाला टेकते आणि स्वर पक्का होतो. सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज वादकाने एक गिटार मुद्दाम बनवून घेतली. तिच्यात हे मधले लाकूड कोरून काढलेले होते. प्रत्येक दोन फ्रेट्सच्या मध्ये एक गुळगुळीत पन्हळ होती. तार दाबली तरी बोटाखाली लाकूड लागत नसे. तिथे पोकळीच होती.

या पोकळीची कुळकथा सांगण्याजोगी आहे, कारण रॉक आणि जॅझ आपल्या संगीताकडे कसे आले, कुठवर आले आणि कुठे अडले, हे तिच्यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातूनही दिसत नाही.

पाश्चात्त्य तरुणांनी आपल्याकडून सर्वांत आधी उचलला तो नाद. १९६५ साली बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वूड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार छेडली आणि दोन वर्षांत बाजारात विजेची सतार आली. डॅनइलेक्ट्रो कंपनीची ही 'कोरल सितार' घडवण्यात न्यूयॉर्कचा स्टुडिओ-वादक व्हिन्सेंट बेल याचा मोठा हात होता. ती मुळात गिटारच होती. सहा तारा, सपाट फ्रेटबोर्ड, धरण्याची रीतही गिटारचीच. फरक होता तो मुख्यतः घोडीत. ती रुंद आणि चपटी केल्यामुळे तार तिच्यावर घासून झणझणत असे. शिवाय बाजूला तेरा तारांचा एक जुडगा नुसता घुमण्यासाठी जोडलेला होता.

हा झणत्कार म्हणजे आपली जवारी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही घोडीच्या माथ्यावर कानस फिरवत, पुन्हापुन्हा तार छेडून कानाने जोखत जवारी काढली जाते. केसभर जास्त घासले गेले तर तार भसाडी बोलते आणि कमी घासले तर मुकी राहते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशा कानांच्या कित्येक पिढ्या आहेत. कोरल सितारने ती जवारी यंत्रासारखी, सरसकट बसवली. तरीही लोकांना ती आवडली. येस या प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाच्या स्टीव्ह हाऊने १९७२ च्या 'क्लोज टू द एज' या ध्वनिमुद्रिकेत ती वापरली आणि सुंदर वापरली. त्या मोठमोठ्या, वळणावळणाच्या रचनांमध्ये मधेच तो झणकार आला की दृश्य पालटल्यासारखे वाटते. पण त्याचे काम तेवढेच होते. त्याने रंग दिला. स्वर होता तिथेच, आपल्या चौकटीत उभा राहिला. मला हा पहिला टप्पा कमी प्रतीचा वाटत नाही. अपुरा मात्र वाटतो.

दुसरा टप्पा लयीचा, आणि तिथे मॅकलॉफ्लिन यांचे नाव येते. जन्म १९४२ चा, यॉर्कशरमधील डॉनकास्टरचा. लंडनमध्ये पडेल ते वादनकाम करून १९६९ च्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कला गेले आणि लगेच माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे'च्या ध्वनिमुद्रणात बसले. त्याच वर्षी 'बिचेस ब्रू' झाली. तिच्यातल्या एका तुकड्याचे नावच 'जॉन मॅकलॉफ्लिन' आहे. पुढे ते श्री चिन्मय यांचे शिष्य झाले, 'महाविष्णू' हे नाव त्यांना मिळाले आणि १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा राहिला. ड्रमवर पनामात जन्मलेले बिली कॉबम, कीबोर्डवर प्रागचे यान हॅमर, व्हायोलिनवर जेरी गुडमन आणि बेसवर आयर्लंडचे रिक लेअर्ड. चार मात्रांत हिंडणाऱ्या रॉकच्या श्रोत्यांना या मंडळींनी 'बर्ड्स ऑफ फायर'मध्ये अठरा मात्रांचे आवर्तन ऐकवले, तेही कानठळ्या बसतील अशा आवाजात. त्या काळातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांनी ते कान टवकारून ऐकले.

आता नाद आला होता आणि लयही आली होती. राहिली होती ती स्वरांमधली जागा. तिच्यापाशी मात्र गिटार हे वाद्यच आडवे येत होते.

सतारीच्या गंधारावर बोट ठेवून वादक ती तार पडद्यावरच आडवी ओढतो. स्वर गंधारातून उचलला जातो, मध्यमाला स्पर्श करतो न करतो आणि पंचमाच्या अंगणात जाऊन उभा राहतो. आघात एकच, पडदाही एकच. चांगला सतारिया एका पडद्यावरून पाच स्वरांपर्यंत मींड काढतो. हे जमते ते पडद्याच्या घडणीमुळे. सतारीचे पडदे कमानीसारखे उचललेले असतात, बोट दांडीला कधी लागतच नाही. दक्षिणेच्या सरस्वती वीणेत चोवीस पितळी पडदे काळ्या मेणाच्या उंच कडांवर बसवलेले असतात. तिथेही तारेखाली मोकळी जागा आणि बाजूला ओढायला भरपूर वाव. कर्नाटक संगीतातले गमक, म्हणजे स्वराचे ते झुलणे, या मोकळ्या जागेशिवाय बोटांतून निघायचेच नाही.

गिटारवर तार ओढता येत नाही असे नाही. ब्लूजचे वादक ती सर्रास ओढतात आणि त्या ओढण्यातच त्यांचा हुंदका असतो. पण सपाट फ्रेटबोर्डवर बोटाची कातडी लाकडावर घासते, तार बोटाखालून निसटू पाहते आणि दीड-दोन सुरांपलीकडे हात आखडतो. लाकूड कोरून काढले की बोटाचे टोक तारेच्या अंगाला थोडे खाली उतरते, तिला बाजूने धरते आणि घर्षण उरते ते फक्त धातूवर. तार ओढण्याऐवजी नुसती खोल दाबली तरी स्वर वर चढतो. एका बोटाला दोन दिशा मिळतात.

हे मॅकलॉफ्लिन यांना पुस्तकात वाचून कळले नव्हते. कनेक्टिकटमधील वेस्लीयन विद्यापीठात त्यांनी डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. वीणा मांडीवर घेऊन ज्याने गमक काढून पाहिले, त्याच्या बोटांना गिटारवर परतल्यावर काय खुपत असेल, हे कोणत्याही वादकाच्या ध्यानात येईल. वीणावादक होण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. त्यांनी गिटारच वीणेच्या दिशेने सरकवायचे ठरवले. आपला कस लागतो तिथे स्वतःचे वाद्य टाकायचे नाही आणि दुसऱ्याचे वाद्य वेशभूषेसारखे अंगावर चढवायचेही नाही, या निर्णयाबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

ही निकड वाढवली ती शेजारी बसणाऱ्यांनी. वेस्लीयनमध्येच संगीतशास्त्राचा अभ्यास करणारे व्हायोलिनवादक एल. शंकर त्यांना भेटले. तबल्यावर झाकीर हुसेन होते, उस्ताद अल्लारखाँ यांचे चिरंजीव, माहीमला वाढलेले. घटमवर विक्कू विनायकराम. शक्ती या नावाने जमलेल्या या मंडळींचा पहिला ध्वनिमुद्रित कार्यक्रम ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरील साउथॅम्प्टन कॉलेजमध्ये झाला. त्यात मृदंगमवर आर. राघवन होते. व्हायोलिनला पडदेच नसतात. शंकर यांचे बोट तारेवरून कुठूनही कुठेही सरकत असे. त्यांनी टाकलेल्या गमकाला गिटारने तुटक स्वरांनी उत्तर द्यायचे म्हणजे सवाल एका भाषेत आणि जवाब दुसऱ्या भाषेत.

ही अडचण सोडवली अब्राहम वेक्टर या कारागिराने. गिब्सन कंपनीच्या जे-२०० या मोठ्या पोटाच्या अकूस्टिक गिटारच्या घडणीवर त्याने हे नवे वाद्य उभे केले. फ्रेट्सची जागा शाबूत ठेवून मधले लाकूड कोरायचे, हे काम वाटते तितके सोपे नाही. खोली सगळीकडे सारखी हवी, फ्रेटच्या बुंध्याशी पुरेसे लाकूड राहायला हवे, आणि मान इतकी बारीकही होता कामा नये की तारांच्या ताणाने ती वाकेल. शिवाय वेक्टरने मुख्य सहा तारांखालून, पोटावरच्या भोकाजवळून, सात तारा तिरप्या नेल्या. प्रत्येकीची जुळणी वेगळी करता येई. आपल्याकडच्या तरफांप्रमाणे त्या वरच्या स्वरांना आपणहून साद देत आणि त्यांच्यावरून हात फिरवला की स्वरमंडळाची आठवण व्हावी असा सूर पसरे. कोरल सितारलाही अशा तारा होत्याच. पण तिथे त्या रंगासाठी होत्या, आणि इथे तंबोरा नसलेल्या मंचावर षड्ज धरून ठेवण्यासाठी.

या वाद्याला किंमतही मोजावी लागते. कोरलेल्या फ्रेटबोर्डवर बोट जरा जोरात पडले तरी स्वर चढा लागतो, म्हणजे बेसूर होतो. गिटारवाल्याने वर्षानुवर्षे घोटलेली पकड इथे शत्रू ठरते. डावा हात नव्याने हलका करावा लागतो, आणि मॅकलॉफ्लिन यांचा वेग पाहता तो हलकेपणा त्या वेगात सांभाळणे काय असेल याची कल्पना करावी. पुढे त्यांना या मोकळिकीची इतकी सवय झाली की विजेच्या गिटारचा फ्रेटबोर्डही त्यांनी कोरून घेतला.

श्रोत्यांना मात्र हे वळण जड गेले. महाविष्णूचा गडगडाट ऐकायला आलेल्यांना इथे जमिनीवर मांडी घालून बसलेले वादक दिसत. तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या, 'नॅचरल एलिमेंट्स' ही १९७७ ची शेवटची, आणि मंडळी पांगली.

कोरलेल्या फ्रेटबोर्डचे मूळ एकट्या शक्तीत शोधणे चुकीचे ठरेल. दक्षिण व्हिएतनाममध्ये काई लुओंग या संगीत-नाटकाच्या वादकांनी त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, फ्रेंचांबरोबर आलेल्या गिटारचे लाकूड असेच कोरले होते. त्यांनाही आपल्या गाण्यातले झुलते, वळलेले स्वर गिटारमधून काढायचे होते. या दोन घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. गरज एकच होती, म्हणून हातही तिथेच वळला. हार्ड रॉकमध्ये रिची ब्लॅकमोर यांनी अशी गिटार वापरली. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीन यांना ही कल्पना एका जुन्या ल्यूटवरून सुचल्याचे ते सांगतात, आणि त्यांच्या नावाची कोरीव फ्रेटबोर्डची फेंडर गिटार १९८८ पासून दुकानांत मिळू लागली. तिथे ही पोकळी प्रामुख्याने वेगासाठी आणि थरथरत्या स्वरासाठी वापरली जाते. मींड त्या घराण्याचा विषय नाही.

शक्ती १९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' म्हणून पुन्हा उभी राहिली. पहिल्या फेरीत हरिप्रसाद चौरसिया होते, नंतर विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश, गायक शंकर महादेवन आणि यू. श्रीनिवास आले. २००१ ची 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ही ध्वनिमुद्रिका मुंबईतल्या कार्यक्रमाची आहे. शंकर महादेवन चेंबूरचे, श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले, आणि लहानपणी त्यांच्या हातात पहिले वाद्य आले ते वीणा. गमक म्हणजे काय हे त्यांच्या गळ्याआधी बोटांना ठाऊक होते. २०२४ मध्ये शक्तीच्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाले तेव्हा मंचावर तेही होते. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

पण या कुळकथेत माझ्या मते सर्वांत जवळचा नातलग यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन आहे. मेंडोलिनला आठ तारा असतात, चार जोड्यांत. जोडीने लावलेल्या तारा एकत्र ओढल्या की त्यांचे आपसातच सूर फाटतात, म्हणून गमक निघत नाही. श्रीनिवास यांनी जोड्या काढून टाकल्या, पाच सुट्या तारा लावल्या आणि वाद्य विजेचे केले, म्हणजे ओढलेला स्वर विझायच्या आत पुढे पोहोचेल. वेक्टरने लाकूड काढले, श्रीनिवास यांनी तारा. २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, पण त्याआधी जवळपास दीड दशक युरोपात जन्मलेली ही दोन वाद्ये एकाच मंचावर शेजारी बसून एकमेकांच्या गमकाला गमकाने उत्तर देत होती.