गव्हाविना गोड

माझ्या पुतणीला गहू सोसत नाही असे निदान झाले, तेव्हा "पोरीचे सणवार संपले!" म्हणून सासूबाई रडल्या. पण हा दोष गव्हाचा, हे कळायलाही जगाला किती काळ लागला! १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, पाव मिळेना. तेव्हा या विकाराची मुले सुधारली. पाव येताच पुन्हा खंगली. डॉ. डिके यांची जुनी शंका खरी ठरली. १९५० साली त्यांनी ती प्रबंधात मांडली.

मग मी घरातच पाहिले. उकडीचे मोदक, अनारसे, तांदळाची खीर यांत गहू कुठे आहे? गिरणीत गव्हाचे पीठ मिसळते, म्हणून तांदूळ घरीच वाटते. चाळणीही वेगळी ठेवते. पहिला अनारसा सासूबाईंनीच नातीला भरवला.