चार भिंतींचं घर

१५ मार्च २०१९. शुक्रवार होता. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजासाठी जमलेल्या माणसांवर गोऱ्या वर्णाच्या अहंकारानं पछाडलेल्या एका माणसानं गोळ्या झाडल्या. दोन मशिदींत मिळून ५१ जीव गेले. त्यांत आपल्या देशातलेही काही होते. पुढचे दोन-तीन दिवस आमच्या घरातला टीव्ही बंद झाला नाही. त्यात एक दृश्य दिसलं. शाळेच्या गणवेशातली मुलंमुली फुलांच्या राशींसमोर उभी राहून ‘हाका’ करत होती. हाका म्हणजे माओरी लोकांचा सामूहिक नाच. पाय आपटायचे, छातीवर, मांड्यांवर थापा मारायच्या आणि सगळ्यांनी एका सुरात शब्द उच्चारायचे. मुलांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज डळमळत नव्हता.

मित्रहो, दुःखाला बसायला जागा लागते. आमच्याकडे मयतीनंतर तिसऱ्या दिवशी जियारत होते, माणसं जमतात, कुराण वाचलं जातं. तुमच्याकडे दहावं, तेरावं असतं. त्या मुलांकडे हाका होता. त्यांना हे कुणी दिलं, असा प्रश्न मला पडला. शोध घेतला तेव्हा कळलं की, याच देशात माओरी मुलांना आपली भाषा शाळेत बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागत. छडीपासून हाकापर्यंतची ही वाट कशी कापली गेली, ते आज सांगायचं आहे.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी इथं इंग्लंडच्या राणीचे प्रतिनिधी आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. कराराचा इंग्रजी मसुदा वेगळं बोलत होता आणि माओरी मसुदा वेगळं. पुढच्या काही दशकांत लढाया झाल्या, जमिनी जप्त झाल्या, कोर्टकचेऱ्यांतून उरलेल्या जमिनींचे तुकडे झाले. १८६७ मध्ये नेटिव्ह स्कूल्स ॲक्ट आला. गावोगाव शाळा निघाल्या आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरली. शाळेच्या आवारात माओरी शब्द तोंडातून गेला तर शिक्षा, असं अनेक ठिकाणी चाले.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. १९१३ च्या सुमारास माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना माओरी भाषा येत होती. १९५३ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. १९७५ पर्यंत ते जेमतेम ५ टक्के उरलं. या घसरणीत छडीइतकाच हात आईबापांच्या मायेचाही होता. आपल्याला जे सोसावं लागलं ते लेकरांना नको, म्हणून त्यांनी घरातही पोरांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोलायला सुरुवात केली. आजी एका भाषेची, नातू दुसऱ्या भाषेचा. मध्ये नुसतं हसणं उरलं.

दुसरा घाव घराला बसला. दुसऱ्या महायुद्धाआधी ८० टक्क्यांहून अधिक माओरी खेड्यांत राहत होते. १९८६ पर्यंत चित्र उलटं झालं, ८० टक्क्यांच्या आसपास लोक शहरांत आले. सरकारी धोरण असं की, माओरी कुटुंबांना एकत्र वस्ती करू द्यायची नाही, गोऱ्यांच्या घरांमध्ये एकेक घर विखरून द्यायचं. म्हणजे ती लवकर मिसळून जातील. माओरी भाषेत कुटुंबाला ‘फानाउ’ म्हणतात. त्यात आजोबा-आजी, काका-मामा, आत्या-मावश्या, चुलत-मावस भावंडं सगळी येतात. मूल एकट्या आईबापांचं नसतं, ते सगळ्या फानाउचं. शहरातल्या दोन खोल्यांत हे फानाउ मावलं नाही. बाप कारखान्यात, आई दुसऱ्या पाळीत, आणि पोर रस्त्यावर. मग पोलीस, मग कोर्ट, मग सरकारी सुधारगृह.

या सुधारगृहांत आणि संस्थांत काय घडलं, हे त्या देशाला नीट कळायला फार उशीर लागला. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं जुलै २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या ताब्यात राहिलेल्या सुमारे साडेसहा लाख माणसांपैकी दोन लाखांच्या आसपास लोकांचा छळ झाला असावा, असा त्याचा अंदाज आहे. त्यात माओरी मुलांचं प्रमाण फार मोठं. लेक ॲलिस नावाच्या मनोरुग्णालयात १९७० च्या दशकात मुलांसाठी वेगळा विभाग होता. तिथं शिक्षा म्हणून विजेचे झटके दिले गेले, वेदना देणारी इंजेक्शनं टोचली गेली. यातल्या कितीतरी मुलांना मनाचा आजार नव्हताच. ती घरापासून तुटली होती आणि तुटलेलं मूल जसं वागतं तशी वागत होती. हा छळच होता हे सरकारनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आता या काळोखातून वाट कुणी काढली, ते पाहू.

१४ सप्टेंबर १९७२ रोजी काही तरुण माओरी मंडळी संसदेच्या पायऱ्यांवर एक अर्ज घेऊन गेली. त्यावर ३० हजारांहून अधिक सह्या होत्या. मागणी साधी होती: शाळांत माओरी भाषा शिकवा. सरकार हळूहळू हलत होतं, पण म्हाताऱ्या बायका थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वैनुइओमाता इथं पहिलं ‘कोहांगा रेओ’ उघडलं. कोहांगा रेओ म्हणजे भाषेचं घरटं. तिथं आज्या तान्ह्या आणि रांगत्या मुलांना घेऊन बसायच्या आणि दिवसभर फक्त माओरी बोलायच्या. मधली आईबापांची पिढी भाषेला मुकली होती. तेव्हा आजीनं नातवापर्यंत थेट पूल बांधला. तीन वर्षांत अशी तीनशेच्या वर घरटी देशभर झाली. १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा ठरली.

याच सुमारास मेसन ड्युरी नावाच्या माओरी मानसोपचारतज्ज्ञानं एक साधी गोष्ट मांडली. तो पाल्मर्स्टन नॉर्थच्या रुग्णालयात काम करत होता. माओरी कार्यकर्त्यांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकांत त्यानं ऐकलं होतं की, दवाखान्यात माणसाचा एक तुकडा तपासतात, बाकीचा माणूस दाराबाहेर राहतो. ड्युरीनं सांगितलं, माणसाचं स्वास्थ्य म्हणजे चार भिंतींचं घर. ‘ते फारे तापा फा’ हे त्याचं माओरी नाव. एक भिंत शरीराची, दुसरी मनाची आणि विचाराची, तिसरी आत्म्याची, चौथी फानाउची, म्हणजे गोताची. चारांतली एक भिंत खचली तरी घर कलतं. आणि हे घर उभं असतं जमिनीवर, पूर्वजांच्या भूमीवर.

घराचीच उपमा का, तेही समजून घेण्यासारखं आहे. माओरी गावातलं सभागृह म्हणजे एका पूर्वजाचा देह मानतात. आढं हा त्याचा पाठीचा कणा, वासे या बरगड्या. आत बसलेला माणूस पूर्वजाच्या कुशीत बसलेला असतो. मनानं मोडलेल्या पोराला तिथं बसवलं, तर अर्धं बोलणं भिंतीच बोलतात.

१९८४ मध्ये तोकानुई या मनोरुग्णालयात ‘फाई ओरा’ नावाचा विभाग सुरू झाला. रुग्णही माओरी, सांभाळणारेही माओरी, रीतही माओरी. अशा ठिकाणी तपासणीची सुरुवात वेगळी होते. ‘तुला काय होतंय?’ हा प्रश्न नंतर. आधी ‘तू कुठला, तुझा डोंगर कोणता, तुझी नदी कोणती, तुझी माणसं कोण?’ मग प्रार्थना, मग एकत्र खाणं. वडीलधारा माणूस डॉक्टरच्या शेजारी बसतो. मुलाबरोबर आजी आली, मामा आला, तर त्यांना व्हरांड्यात थांबवत नाहीत.

याचा उपयोग कसा होतो? एखादी पोरगी सांगते की, वारलेली आजी आपल्याशी बोलते. तिची रीतभात ठाऊक नसलेला डॉक्टर याला लगेच आजार म्हणून मोकळा होईल. उलट, सगळंच रीतभातीवर सोडणारा माणूस खरा आजार असला तरी तो हुकवेल. दोघं शेजारी बसले तर फरक कळतो. आजीचा आवाज तिला धीर देतोय की तिचा घात करतोय, हे तिच्या माणसांना विचारल्याशिवाय कसं कळणार?

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं, असं या इतिहासातून निघत नाही. माओरींचे पारंपरिक जाणकार म्हणजे ‘तोहुंगा’. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा १९०७ मध्ये झाला आणि १९६२ पर्यंत टिकला. त्या कायद्याला काही माओरी डॉक्टरांचा आणि पुढाऱ्यांचाही पाठिंबा होता. तापानं फणफणलेल्या लेकराला थंड पाण्यात बुडवण्यासारखे उपचार त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांची काळजी खरी होती. पण कायद्यानं घातक उपचार आणि शहाणपण यांत निवड केली नाही. मंत्र, गोष्टी, वंशावळी, शोकाच्या रीती यांचे जाणकारही त्याच कुंपणाबाहेर गेले. आणि गावात त्यांच्या जागी डॉक्टर आला का? बहुतेक ठिकाणी नाही.

१९८८ मध्ये जॉन रांगिहाउ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचं नाव ‘पुआओ ते आता तू’, म्हणजे पहाट. समितीनं गावोगावच्या सभागृहांत बसून लोकांचं ऐकलं आणि समाजकल्याण खात्याच्या कारभारातच वंशभेद मुरलेला आहे, असं स्पष्ट लिहिलं. त्यातून १९८९ चा मुलं आणि कुटुंबांविषयीचा कायदा आला. मूल अडचणीत असेल तर निकाल देण्याआधी सगळ्या गोतावळ्याची बैठक बोलवायची, अधिकाऱ्यांनी माहिती देऊन बाहेर जायचं आणि मार्ग घरच्यांनी काढायचा, अशी पद्धत त्यात घातली. पुढे इतर अनेक देशांनी ती उचलली.

अलीकडची एक गोष्ट. गिझबर्न भागात डायना कोपुआ या माओरी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी देवादिकांच्या गोष्टी उपचारात आणल्या. आकाश-पिता रांगी आणि धरणी-माता पापा एकमेकांना बिलगून होते, मुलं मध्ये अंधारात गुदमरत होती. ताने नावाच्या मुलानं आईबापांना दूर सारलं, तेव्हा उजेड झाला. पण वाऱ्यांचा देव असलेल्या दुसऱ्या मुलाला ते सोसलं नाही. तो बापाकडे गेला आणि वादळं घेऊन भावांवर तुटून पडला. आता विचार करा, आईबाप वेगळे झालेल्या घरातला, वस्तू फोडणारा, कुणाशी न बोलणारा मुलगा समोर आहे. त्याला रोगाचं नाव चिकटवण्याआधी ही गोष्ट सांगितली, तर तो विचारतो, ‘मग त्या वाऱ्याचं पुढं काय झालं?’ तिथून बोलणं सुरू होतं.

सगळं आलबेल झालं, असं मात्र नाही. आजही माओरी तरुणांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. २०१९ मध्ये एका बाळंतिणीकडून तिचं तान्हं मूल काढून घेण्याचा सरकारी प्रयत्न चित्रफितीमुळे बाहेर आला आणि देश हादरला. २०२२ मध्ये माओरींसाठी स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण निघालं आणि दोनच वर्षांत, २०२४ मध्ये, नव्या सरकारनं ते मोडलं. एक भिंत उभी राहते तोवर दुसरीला कुणीतरी हात घालतो.

आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक आदिवासी आहेत. मेळघाटातलं कोरकू पोर, भामरागडचं माडिया पोर आश्रमशाळेत येतं, तेव्हा आईची भाषा फाटकाबाहेर राहते. आम्ही घरी दखनी बोलायचो आणि शाळेत मराठी. माझं दोन्हींवर प्रेम जडलं, कारण संध्याकाळी मी घरी जात होतो. आश्रमशाळेतलं सहा वर्षांचं मूल संध्याकाळी घरी जात नाही. ते गप्प बसतं. मग कुणी त्याला लाजाळू म्हणतं, कुणी मठ्ठ. पळून गेलं तर गैरहजेरी लागते. ते गप्प का आहे, हे त्याला त्याच्या भाषेत कुणी विचारत नाही.

मेळघाटात तान्ह्यांच्या पोटावर डागण्या देण्याची प्रथा थांबायलाच हवी. पण डागण्यांबरोबर भूमक्याच्या गोष्टी, आजीची गाणी, मेलेल्याला निरोप देण्याची रीतही हद्दपार करायची का? हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये गेले, तेव्हा त्यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. औषध त्यानंतर पोटात गेलं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात त्या मुलांची भाषा बोलणारी एखादी आजी राहिली, सुट्टीखेरीजही घरच्यांना येऊन बसता आलं, समुपदेशकाला त्या भाषेतले दुःखाचे चार शब्द माहीत असले, तर याला फार मोठा खर्च येणार नाही.

माओरी लोक हराकेके नावाच्या झाडाच्या पातींपासून चटया, टोपल्या विणतात. पाती कापायचा एक नियम आहे. मधला कोवळा कोंब म्हणजे मूल. त्याला लागून असलेल्या दोन पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावायचा नाही, कापायच्या त्या बाहेरच्या जुन्या पाती. मधला कोंब उपटला तर सगळं झाड जातं. दीडशे वर्षं तिथल्या सरकारनं नेमका तोच कोंब उपटून दुसरीकडे लावून पाहिला आणि शेवटी माफी मागितली. आपल्याला इतकी वर्षं वाट पाहायची गरज नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)