मदत चालेल, माणसे नकोत

2 मे 2008 रोजी नर्गिस चक्रीवादळ म्यानमारच्या किनाऱ्यावर, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. भातशेतीचा, खाड्या-ओहोळांचा, समुद्रसपाटीला टेकलेला हा मुलूख. बारा फुटांच्या आसपास उसळलेले समुद्राचे पाणी मैलोन्मैल आत घुसले आणि लाबुत्ता, बोगले भागातली गावेच्या गावे वाहून गेली. मृत आणि बेपत्ता मिळून सरकारी आकडाच सुमारे 1 लाख 38 हजारांचा आहे. भारतीय हवामान खात्याने वादळ कुठे धडकणार याचा इशारा 48 तास आधी दिला होता, तो खेड्यापाड्यांत नीट पोचलाच नाही. त्यानंतर जे घडले ते मात्र वादळाच्या माथी मारता येणार नाही. अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनच्या युद्धनौका मदतसामग्री घेऊन परवानगीअभावी किनाऱ्याबाहेर थांबून राहिल्या आणि शेवटी परत गेल्या. मदतकार्यातले अनुभवी लोक बँकॉकमध्ये व्हिसाची वाट पाहत बसले.

थान श्वे यांच्या लष्करी राजवटीने ही अडवणूक सार्वभौमत्वाच्या आणि स्वाभिमानाच्या काळजीने केली, असे सांगितले जाते. पण त्या राजवटीने नेमके काय घेतले आणि काय नाकारले, हे पाहिले की ही समजूत टिकत नाही. भारतीय नौदलाच्या ‘राणा’ आणि ‘किरपाण’ या नौका काही दिवसांतच यांगूनला मदत घेऊन पोचल्या. थायलंड आणि चीनची मदत उतरवून घेतली गेली; 12 मे रोजी तर अमेरिकेचे मालवाहू विमानही यांगूनला उतरले. म्हणजे तांदूळ, ताडपत्र्या, औषधे यांचे वावडे नव्हते. वावडे होते ते त्या मालाबरोबर त्रिभुज प्रदेशात जाऊन तो वाटू पाहणाऱ्या आणि तिथली अवस्था डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसांचे. आलेल्या मालाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. सरकारी दूरचित्रवाणीवर सेनाधिकारी खोकी वाटताना दिसत होते. थायलंडहून आलेल्या खोक्यांवर लष्करी अधिकाऱ्यांच्या नावांचे ठसठशीत कागद चिकटवले होते आणि मदत कोणाची, ही मूळ अक्षरे त्याखाली झाकोळून गेली होती. उपाशी माणसाच्या हातात पडणारा घास कोणी दिला, हे ठरवण्याचा हक्क राजवटीला स्वतःकडे ठेवायचा होता.

याचे कारण त्या आठवड्याच्या दिनदर्शिकेतच सापडते. 10 मे रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत होते. आदल्या सप्टेंबरात रस्त्यावर उतरलेल्या भिक्षूंना याच राजवटीने गोळ्या घालून, तुरुंगात डांबून गप्प केले होते, आणि आता तिला जनतेचा कौल हवा होता. प्रेते पाण्यावर तरंगत असताना देशभर मतदान घेतले गेले. वादळग्रस्त भागाला फक्त 24 मेपर्यंत सवड मिळाली. काही शाळांत आसऱ्याला आलेल्या कुटुंबांना मतदान केंद्रासाठी बाहेर काढल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले. निकाल लागला : 92 टक्क्यांहून अधिक लोक बाजूने! अशा वेळी बाहेरचा साक्षीदार नको असणे स्वाभाविक होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार्ड कूश्नेर संमती नसली तरी मदत पोचवण्याची भाषा करत होते, आणि समोर युद्धनौका उभ्या होत्या. मग लष्कराला हस्तक्षेपाची भीती वाटली तर नवल काय? भीती खरी असेलही. पण परक्या सैन्याची भीती असलेल्या सरकारने स्वतःच्या नागरिकांना का अडवावे? यांगूनहून भाताची पातेली आणि कपडे गाड्यांत भरून निघालेल्या सामान्य लोकांना रस्त्यातल्या चौक्यांवर रोखले गेले. लोकप्रिय विनोदी नट झार्गनार यांनी मदत गोळा करून वाटली आणि तिथली परिस्थिती परदेशी वार्ताहरांना सांगितली. त्यांना जूनमध्ये अटक झाली आणि पुढे कित्येक दशकांची शिक्षा ठोठावली गेली. त्यांच्यामागे कोणतीही युद्धनौका नव्हती.

दुसरा आक्षेप आपल्याला लागू होतो. 2004 च्या त्सुनामीत भारताने परदेशी सरकारांची मदत सुरुवातीला नाकारली आणि 2018 च्या केरळ महापुरातही तेच धोरण राहिले. अंदमान-निकोबारमध्ये स्वयंसेवी संस्थांना अडवल्याच्या तक्रारी त्सुनामीनंतर झाल्याच, त्या झाकायचे कारण नाही. तरीही फरक मोठा आहे. केरळच्या मुख्यमंत्र्यांना केंद्राच्या निर्णयाविरुद्ध जाहीरपणे बोलता आले, वृत्तपत्रांना दोन्ही बाजू छापता आल्या, आणि देशभरातून निघालेले ट्रक कोणी चौकीवर परत फिरवले नाहीत. इथे नकार परदेशी सरकारांना होता. पूरग्रस्तांचा आवाज मात्र मोकळा होता.

चीनने 1976 मध्ये तांगशानच्या भूकंपानंतर बाहेरची मदत साफ नाकारली होती. सुमारे 2 लाख 42 हजार मृत्यूंचा अधिकृत आकडा जगासमोर यायला तीन वर्षे लागली. त्याच चीनने नर्गिसनंतर अवघ्या दहा दिवसांनी झालेल्या सिच्वानच्या भूकंपात जपानचे बचावपथक आत घेतले. एकपक्षीय सत्ता तीच होती, म्हणजे हुकूमशाहीला नकार देण्यावाचून गत्यंतर नसते, असेही नाही. म्यानमारच्या सेनानींनी मात्र संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की मून स्वतः नेपिडोला जाऊन भेटेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, दार किलकिलेच ठेवले. त्यानंतर आसियानच्या मध्यस्थीने मदतकार्य सुरळीत झाले.

28 मार्च 2025 रोजी मंडाले-सगाईंग पट्ट्यात भूकंप झाला, तेव्हा नव्या लष्करी राजवटीचे प्रमुख मिन आंग लाइंग यांनी त्याच दिवशी जगाकडे मदत मागितली. अनेकांना हा मोठा बदल वाटला. भारत, चीन, रशियाची पथके आत आलीही. पण दोन दिवसांत राजवटीच्या प्रवक्त्याने परदेशी पत्रकारांना प्रवेश मिळणार नाही असे जाहीर केले, आणि कारण दिले ते राहायला जागा, वीज आणि पाणी नसल्याचे.