दाखवायचा फोटो, ठेवायचा फोटो

गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा, पण त्याची परस्पर छपाई होऊ द्यायची नाही, ही स्टुडिओवाल्यांची जुनी पंचाईत. पाश्चात्त्य स्टुडिओंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर रसायनाचाच तोडगा काढला. पसंतीची प्रत उन्हात उमटणाऱ्या कागदावर काढायची आणि प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपो द्रावणात मुद्दाम बुडवायची नाही. असा तांबूस चेहरा मंद दिव्याखाली नीट दिसे. खिडकीशी ठेवला की काळवंडू लागे आणि अखेर नाक-डोळेही ओळखू येत नसत. निगेटिव्ह स्टुडिओतच राही. पुढे रेशमी पोताचा कागद आला. फोटोचा फोटो काढू गेले की त्याच्या खडबडीत पृष्ठावरची चमक नकलेत ठिपके होऊन उतरे.

छापखान्यांना मात्र मूळ निगेटिव्हची गरज नव्हती. नेपोलियन सरोनीने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्राच्या ८५,००० प्रती बरो-जाइल्स या शिळाछाप कंपनीने परवानगीविना काढल्या. फोटो हे यंत्राचे काम, त्याला कर्ता कुठला, असा तिचा बचाव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये तो फेटाळला.

डिजिटल छायाचित्रात दाखवायची प्रत आणि निगेटिव्ह हा भेदच उरला नाही. पूर्ण फाइल दिली की निगेटिव्ह दिल्यासारखेच. म्हणून आंतरजालासाठी वेगळी, लहान प्रत करण्याची रीत पडली. ६ × ४ इंचांच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० या हिशेबाने १८०० × १२०० पिक्सेल लागतात. ६०० × ४०० ची प्रत पडद्यावर चालून जाते, पण त्याच मापात छापली की पापण्या आणि जरीचे काठ विरघळतात. फाइलवर नुसते ‘७२ डीपीआय’ (इंचाला ७२ ठिपके) लिहिले की काम झाले, हा निव्वळ गैरसमज. पिक्सेल कमी केल्याखेरीज काही साधत नाही.

जोडीला वॉटरमार्क आला. कोपऱ्यातला कातरून टाकता येतो, चेहऱ्यावरचा फोटोच बिघडवतो. १९९६ च्या फोटोशॉप ४ मध्ये डिजिमार्क कंपनीची अदृश्य खूण घालण्याची सोय होती, पण तिने मालक कळतो, छपाई थांबत नाही. शेकडो फोटोंवर तीच खूण तशीच असेल तर संगणक ती ताडून पुसू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. दर फोटोत खूण किंचित वाकवणे हा त्यांनीच सुचवलेला उपाय.

भारतात तर लग्नाच्या फोटोंबाबत प्रश्न उलटाच पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो.