बातमीपत्र : कासिदाच्या थैलीपासून ई-मेलपर्यंत



वृत्तपत्र आणि बातमीपत्र हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने योजतो. परंतु त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. वृत्तपत्र बाजारात येते आणि किंमत देईल त्या कोणाच्याही हाती पडते. बातमीपत्र मात्र नावानिशी जाते. आपण कोणाला लिहितो हे लेखकाला ठाऊक असते आणि आपल्याला कोण लिहितो हे वाचकाला ठाऊक असते. अलीकडे ई-मेलने घरोघरी येणारी जी बातमीपत्रे आपण पाहतो, ती संगणकाने प्रथमच निर्माण केलेली वस्तू नव्हे. त्यांचे कूळ मुद्रित वृत्तपत्राहूनही जुने आहे. आज एखादे लहानसे ग्रंथालय किंवा नाट्यमंडळही असे पत्र सहज सुरू करू शकते. तेव्हा हे पत्र कशाच्या आधारावर जगते व कशाने मरते, याचा या कुळाच्या इतिहासावरून विचार करणे अस्थानी होणार नाही.

सोळाव्या शतकात व्हेनिस व रोम या बातम्यांच्या मोठ्या पेठा होत्या. तेथून 'अव्वीसी' नावाची हस्तलिखित पत्रके निघत. मजकूर कोणत्या गावाहून व कोणत्या तारखेस आला हे आरंभी नमूद करून त्याखाली लढाया, तह, जहाजांची आवक, राजघराण्यांतील विवाह व मृत्यू यांचे वृत्त आटोपशीरपणे दिलेले असे. लेखनिक त्यांच्या प्रती काढीत आणि त्या ठराविक ग्राहकांकडे टपालाने रवाना होत. पत्रकावर लेखकाची सही बहुधा नसे, कारण हा धंदा राज्यकर्त्यांना रुचणारा नव्हता. १५७२ साली पोप पाचवे पायस यांनी अशा पत्रकांविरुद्ध कडक फर्मान काढले. तरी ती बंद पडली नाहीत. कारण त्यांच्या ग्राहकांत राजे होते, धर्माधिकारी होते आणि सावकारही होते.

ऑग्सबर्गच्या फुगर या सावकारी घराण्यातील ऑक्टाव्हियन व फिलिप एडुआर्ड या बंधूंनी १५६८ ते १६०५ या काळातील सुमारे १६,००० बातमीपत्रे जपून ठेवली. ती आज व्हिएन्ना येथे ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. काही त्यांच्या अडत्यांनी पाठविलेली, तर काही धंदेवाईक लेखकांकडून विकत घेतलेली. १५८८ साली स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून गेले, तेव्हा स्पेनचा जय झाल्याच्या खोट्या वार्ताही युरोपभर फिरत होत्या. ज्याचे कर्ज राजांकडे अडकले आहे, त्या सावकाराला अशी एक खोटी बातमी केवढ्याला पडेल हे सांगावयास नको. म्हणूनच तो एका पत्रावर विसंबत नसे. जागोजागची पत्रे ताडून पाही.

मराठी माणसाला येथे स्वतःच्या इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोगल राज्यात वाकेनवीस व अखबारनवीस यांची रीतसर नेमणूक असे. सुभ्यांतले वृत्त त्यांच्याकरवी बादशहाकडे जाई. आणि दरबारातील घडामोडींची 'अखबार' म्हणून ओळखली जाणारी टिपणे निरनिराळ्या राजांचे वकील आपापल्या धन्यांना पाठवीत. मराठ्यांनीही या पद्धतीचा पुरेपूर उपयोग केला. दिल्लीस हिंगणे घराण्याने पेशव्यांची वकिली सांभाळली, आणि त्या घराण्याच्या पत्रांवाचून त्या काळच्या उत्तरेतील राजकारणाचा इतिहास लिहिता येत नाही. उलट दिशेने, पुण्याच्या दरबाराची बित्तंबातमी निजामाच्या हैदराबादेस जात असे. ती पत्रे पुढे 'पूना अखबार' या नावाने हैदराबादेतच छापून निघाली.

आपल्याकडेही सावकाराची डाक राज्याच्या डाकेइतकीच जागरूक होती. १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा घात झाला, तेव्हा भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेनजीक, मुक्काम असलेल्या नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता एका सावकारी कासिदाजवळच्या सांकेतिक पत्रातून कळली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऑग्सबर्गचा सावकार आणि उत्तर हिंदुस्थानातला सावकार यांची गरज एकच होती : इतरांच्या आधी कळावे आणि खरे कळावे.

तथापि दरबारी अखबारात एक उणीव होती. तो लिहिणारा धन्याचा चाकर असे. वाचक एकच आणि तोच पगार देणारा. म्हणून त्याला आवडेल ते लिहिण्याचा मोह मोठा. ही उणीव काही अंशी भरून काढली ती वर्गणीने. १६६० नंतरच्या लंडनमध्ये हेन्री मडिमन हा गृहस्थ वर्षाला ५ पौंड वर्गणी घेऊन हस्तलिखित बातमीपत्र पाठवीत असे. छापखान्यांवर त्या वेळी कडक निर्बंध होते आणि पार्लमेंटातील कामकाज छापण्याची मुभा नव्हती. हाताने लिहिलेल्या पत्रात मात्र ते देता येई. मडिमन आपल्या गावोगावच्या पत्रव्यवहारातून उलट बातम्याही मिळवी. वाचक हाच बातमीदार, ही कल्पना तेथे स्पष्ट दिसते.

अमेरिकेत बॉस्टनचा पोस्टमास्तर जॉन कॅम्बेल हाही आधी हातानेच बातमीपत्रे लिहून आसपासच्या वसाहतींच्या गव्हर्नरांना पाठवी. मागणी हाताला आवरेना, तेव्हा २४ एप्रिल १७०४ रोजी त्याने ते छापावयास घेतले आणि 'बॉस्टन न्यूज-लेटर' जन्मास आले. वर्गणीदार पैसे वेळेवर देत नाहीत, ही तक्रार त्याला आपल्या पत्रातून वारंवार करावी लागे. मराठी संपादकांना ही तक्रार परकी वाटणार नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले आणि आपल्याकडेही मुद्रित पत्रांचा काळ सुरू झाला. छापील पत्राचा वाचक हजारोंनी वाढला; पण त्याच्या नावाशी असलेला लेखकाचा संबंध मात्र सुटत गेला. तो संबंध पुन्हा जोडला गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोही अनपेक्षित मार्गाने.

१९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन या अभियंत्याने शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये जाळ्यामार्फत पहिला संदेश पाठविला. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घालण्याची त्याची युक्ती आज जगभर रूढ आहे. या नव्या टपालाचा दुरुपयोग व्हावयास सात वर्षेही लागली नाहीत. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविली. त्यांतील कोणीही ती मागविली नव्हती. तक्रारींचा भडिमार झाला. ज्याला आपण आज 'स्पॅम' म्हणतो त्याचा हा आरंभ.

असे का व्हावे, याचा थोडा विचार केला पाहिजे. व्हेनिसच्या लेखनिकाला प्रत्येक प्रतीसाठी हात झिजवावा लागे. मडिमनला कारकून पोसावे लागत. नको असलेल्या माणसाला प्रत पाठविणे म्हणजे शुद्ध नुकसान. खर्च हाच तेव्हा पाठविणाऱ्याचा लगाम होता. ई-मेलने तो लगाम काढून टाकला, कारण शंभरावी प्रत आणि लक्षावी प्रत यांच्या खर्चात जवळजवळ अंतरच उरले नाही. मग आवर घालावयाचा कशाने? याचे एकच उत्तर संभवत होते : वाचकाच्या संमतीने. ई-मेलवरील बातमीपत्राचा पुढील सारा इतिहास ही संमती कशी मागावी, कशी नोंदवावी आणि ती मागे घेण्याचा मार्ग कसा मोकळा ठेवावा, याचाच इतिहास आहे.

१९८६ साली पॅरिसमधील एरिक थॉमस या विद्यार्थ्याने 'लिस्टसर्व्ह' ही प्रणाली रचली. तोवर यादीत नाव घालणे वा काढणे हे काम कोणा व्यवस्थापकाला स्वतः करावे लागे. आता वाचक स्वतःच एक ओळ लिहून वर्गणीदार होऊ लागला आणि एक ओळ लिहून मुक्तही होऊ लागला. पुढे एका अनुभवाने आणखी एक नियम शिकविला. खोडसाळपणे दुसऱ्याचेच नाव कोणी यादीत घालील, म्हणून त्या पत्त्यावर आधी एक पत्र जावे, आणि वाचकाने त्यातील दुव्यावर होकार दिल्यावरच त्याचे नाव पक्के व्हावे.

या मार्गाने काय साधते याचे उत्तम उदाहरण एका भारतीयानेच घालून दिले आहे. अनु गर्ग यांनी १९९४ साली अमेरिकेत विद्यार्थी असताना 'ए वर्ड ए डे' हे पत्र सुरू केले. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, व्युत्पत्ती आणि वापराचे उदाहरण, एवढाच त्याचा पसारा. आठवड्याला एक विषय, सोमवार ते शुक्रवार पाच शब्द आणि अखेरीस वाचकांच्या पत्रांचे संकलन. या पत्राला लक्षावधी वाचक मिळाले. त्याचे यश भपक्यात नाही. लेखकाने आपले माप ठरविले आणि ते वर्षानुवर्षे मोडले नाही, हे त्याचे रहस्य. पत्र सुरू करणाऱ्याने आरंभी भलामोठा अंक काढावा आणि चौथ्या अंकाला दमून जावे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. महिन्यातून एकदा, पण ठरलेल्या दिवशी येणारे दोन पानांचे पत्र वाचकाच्या मनात घर करते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मराठीपुढे मात्र लिपीची अडचण उभी राहिली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. परंतु सामान्य संगणकांत ते रुळावयास पुष्कळ वर्षे लागली. तोवर एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटे, आणि दूरदेशी राहणारी मराठी माणसे नाइलाजाने रोमन अक्षरांत मराठी लिहीत. आता ती अडचण राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट नावांच्या यादीची. ही यादी हीच बातमीपत्राची खरी पुंजी होय. 'टायनीलेटर' नावाची एक सोपी सेवा २०१० साली निघाली. अनेक लेखकांनी तिच्यावर आपली पत्रे चालविली. पुढे ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत बंद केली. परंतु ज्यांच्याजवळ वाचकांची यादी होती, त्यांनी ती उचलून दुसरीकडे पत्र चालू ठेवले. डाकघर बदलले, पत्रव्यवहार तुटला नाही. समाजमाध्यमांवर ही सोय नसते. तेथे आपला मजकूर कोणाला दाखवावयाचा हे त्या माध्यमाचा मालक ठरवितो.

तिसरी गोष्ट मोहोरेची. पूर्वी लखोट्यावर मोहोर असे, कारण धन्याच्या नावाने खोटे पत्र येण्याची भीती होती. तीच भीती आज ई-मेलला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना ही विद्युत् मोहोर सक्तीची केली. शिवाय एका कळीसरशी वर्गणी रद्द करण्याची सोय ठेवली पाहिजे, आणि हजारी तीन वाचकांनी पत्र 'स्पॅम' ठरविण्याची पाळी येता कामा नये, असाही दंडक घातला. जो वाचक जाऊ इच्छितो त्याला सन्मानाने जाऊ द्यावे, ही जुनी सभ्यता आता नियम होऊन बसली आहे.

येथपर्यंतचे चित्र समाधानाचे आहे; पण त्यात एक काळा डाग आहे. जुना अखबारनवीस दरबारावर पाळत ठेवी आणि वाचकाला सांगे. आजची कित्येक बातमीपत्रे उलट वाचकावरच पाळत ठेवतात. पत्रात डोळ्यांना न दिसणारे एक सूक्ष्म चित्र दडविलेले असते. पत्र उघडताच ते पाठविणाऱ्याला वर्दी देते की अमक्याने, अमक्या वेळी, पत्र वाचले. २०२१ साली ॲपल कंपनीने आपल्या टपाल-सेवेत याला अडथळा घातला. युरोपीय संघाचा व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून अंमलात आला. भारताच्या संसदेनेही २०२३ साली तशा स्वरूपाचा कायदा संमत केला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, हे तत्त्व त्यात आहे. कायद्याची वाट न पाहता संपादकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे पत्र मी वाचकासाठी लिहितो, की वाचकाविषयीची बातमी गोळा करण्यासाठी?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोमंतक येथील मराठी संस्थांना या साधनाचे महत्त्व विशेष आहे. गावातील सभासदांची मुले परगावी गेली, काही परदेशी गेली. छापील अंकाचा कागद, छपाई आणि टपालहशील यांचा भार तर वाढतच जातो. अशा वेळी ज्याला खर्च जवळजवळ नाही असे साधन हाती आले आहे. तेव्हा वार्षिक सभेच्या नोंदवहीतले सारे पत्ते विचारल्यावाचून यादीत घालू नयेत; प्रत्येकाला आधी पुसावे. अंकावर संपादकाचे नाव, संस्थेचा पत्ता व तारीख असावी. बातमी कोणाकडून आली ते सांगावे आणि चुकीची निघाल्यास पुढच्याच अंकात दुरुस्त करावी. यादीची एक प्रत स्वतःपाशी जपावी आणि ती कोणालाही विकू नये. वाचकाचे उत्तर आले तर त्याला उत्तर द्यावे. पन्नास वाचक असले तरी संकोच मानू नये. हिंगण्यांच्या कित्येक पत्रांना एकच वाचक होता, आणि त्या एका वाचकासाठीही ती नेमाने लिहिली जात.