तळटीप : ‘७४/८०’ या नोंदीविषयी

* ‘तिसरं सिलिंडर ७४/८०’ : हा अपूर्णांक नव्हे, दोन दाबमापकांवरचे आकडे शेजारीशेजारी लिहिले आहेत. इंजिन गरम असतानाच पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर आणतात. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग स्पार्क प्लगच्या भोकातून चौरस इंचाला ८० पौंड दाबाची हवा एका बारीक छिद्रामार्गे आत सोडतात. सिलिंडर जितकं गळकं, तितका छिद्रापलीकडचा दाब उतरतो. इथे तो ७४ वर टिकला, म्हणजे तब्येत उत्तम. विमानाची इंजिनं बनवणाऱ्या लायकॉमिंग कंपनीच्या सूचनेनुसार ६० च्या खाली आलं की सिलिंडर उतरवण्याचा विचार करायचा.

आकड्याइतकाच कानही महत्त्वाचा. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कार्बोरेटरकडून आली तर इनटेक. ऑइल भरायच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. यातला पहिला आवाज मला सर्वांत धास्तीचा वाटतो, कारण फटीतून निसटणारा तप्त वायू व्हॉल्व्हची कड जाळत नेतो. आत बोअरस्कोप घालून ती कड डोळ्यांनी पाहावी, हे उत्तम.

या चाचणीत विमानाचा पंखा (प्रोपेलर) हलू नये म्हणून ‘पंखा धरणाऱ्या’ मदतनिसाचा उल्लेख लेखकाने ओझरता केला आहे, पण ते काम जोखमीचं. सव्वापाच इंची पिस्टनवर ८० पौंडांच्या दाबाने जवळपास पाऊण टन जोर येतो. पिस्टन माथ्यावरून जरा ढळला, की पंखा सपकन फिरतो.

— संपादक