सागरी जलपिशवी

सागरी जलपिशवी : गोडे पाणी समुद्रमार्गे वाहून नेण्यासाठी वापरली जाणारी मजबूत कापडाची लांबट, बंदिस्त पिशवी. ती पाण्याने भरून टगबोटीमागे ओढत नेतात. कल्पना पखालीचीच आहे. पखालीचा भार रेडा वाही, हिचा भार समुद्र पेलतो.

तत्त्व : गोड्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १ किग्रॅ., तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १.०२५ किग्रॅ. भरते. एवढ्याशा फरकामुळे गोड्या पाण्याची पिशवी आपोआप तरंगते. मात्र २०,००० घनमीटर (२ कोटी लिटर) पाण्याच्या पिशवीचा जेमतेम ५०० घनमीटर भाग लाटांच्या वर राहतो. हे पाणी रस्त्याने न्यायचे तर १०,००० लिटरचे २,००० टँकर लागतील. रिकामी पिशवी गुंडाळून परत आणता येत असल्याने जहाजापेक्षा खर्च कमी येईल, अशी अपेक्षा होती.

इतिहास : सुएझ संकटाच्या काळात, १९५६ मध्ये, केंब्रिजचे अभियंते विल्यम हॉथॉर्न यांनी तेलवाहतुकीसाठी ‘ड्रॅकोन’ ही लवचीक पिशवी कल्पिली. ओढताना ती सापासारखी वळवळे. तिला स्थिर ठेवणे हा त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग होता. गोड्या पाण्यासाठी ग्रीसमध्ये १९९७ पासून एजिना बेटाला अशा पिशव्यांतून पुरवठा झाला. अमेरिकेत टेरी स्प्रॅग यांनी अनेक पिशव्या चेनने (झिपरने) जोडून आगगाडीसारखी माळ ओढण्याची कल्पना मांडली व १९९६ मध्ये सिॲटलजवळच्या समुद्रात तिची चाचणी घेतली.

सायप्रसचा अनुभव : सर्वांत मोठा प्रयोग तुर्कस्तान आणि सायप्रसचा तुर्की ताब्यातील उत्तर भाग यांच्या दरम्यान झाला. १९९८ पासून ‘नॉर्डिक वॉटर सप्लाय’ या नॉर्वेच्या कंपनीने आनामूर भागातले पाणी प्रथम १०,००० व पुढे २०,००० घनमीटरच्या पिशव्यांतून नेले. खवळलेल्या समुद्रात पिशव्या फाटत आणि पुरवठा खंडित होई. २००२ मध्ये हे काम थांबले. २०१५ मध्ये त्याच टापूतून समुद्रातली नळवाहिनी सुरू झाली. तिचा सुमारे ८० किमी. भाग समुद्रात असून तो बराचसा पृष्ठभागाखाली सुमारे २५० मी. खोलीवर तरंगता, तळाला नांगरलेला आहे. तिची वार्षिक क्षमता ७.५ कोटी घनमीटर आहे.

मर्यादा : प्रत्येक लाटेबरोबर पिशवी वाकते, आणि तो ताण शिवणींवर व ओढदोराच्या जोडावर एकवटतो. पाण्याच्या मालकीचा प्रश्नही तितकाच अवघड आहे. कॅलिफोर्नियातील ग्वालाला व अल्बियन नद्यांचे पाणी पिशव्यांतून सॅन डिएगोला नेण्याचा प्रस्ताव नद्यांकाठच्या लोकांच्या विरोधानंतर २००२ मध्ये मागे घेण्यात आला. नदीतून समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, हा समज चुकीचा आहे. मुखाशी येणारे सामन मासे त्याच पाण्यावर जगतात. म्हणून जलपिशवीचा विचार करताना तहानलेल्या गावाइतकीच पाणी देणाऱ्या नदीचीही गरज मोजली पाहिजे. टंचाईच्या किंवा आपत्तीच्या काळात, शांत समुद्रात व थोड्या अंतरावर पाणी पोहोचवण्याचा हा मार्ग मात्र उपयोगी ठरू शकतो.